बेडकाची साक्ष

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. कपाटात औषधांच्या रिकाम्या बाटल्या साठतात, तसे ते साठत जातात. सत्तरच्या दशकात मी साताऱ्यात बायकांच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होते. हे सगळे किस्से एकट्या हिराबाईचे.

*

तेव्हा दिवस गेलेत का हे बेडूक सांगायचा! बाईची लघवी नर बेडकाला टोचायची. काही तासांनी बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू दिसले, की बाई गरोदर. एकदा एक बेडूक टाकीतून सुटून वॉर्डात शिरला. हिराबाईची सासू ओरडली, "आवं डाक्टरीणबाई, तुमचं पेशंट पळालं!"

*

हिराबाई वडूजकडची. नवरा मिलिटरीत, वर्षभर घरी आलेला नाही. तिचं अंगावरून जाणं थांबेना, आणि बेडूक म्हणाला, गरोदर! सासूचा चेहरा काळाठिक्कर पडला.

आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना मात्र वेगळीच शंका. हिराबाईचा मागचा गर्भ द्राक्षगर्भ होता. "मूल न वाढता द्राक्षांसारखे फोड वाढतात," सांगलीकडच्या मॅडमनी समजावलं.

हिराबाई म्हणाली, "आवं, आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, द्राक्षं कुठली?"

*

त्या गर्भाचं काही मागे राहून कॅन्सर झाला, तरी बेडूक 'हो'च म्हणतो. खात्रीसाठी मॅडमनी पुन्हा लघवी मागवली. या वेळी बेडूक चक्क 'नाही' म्हणाला! हिराबाईला घरी सोडायची तयारी झाली. तेवढ्यात बाटलीला मुंग्या लागलेल्या मॅडमना दिसल्या. हिराबाईला साखरेचा आजार नव्हता. तो सासूला होता!

"माझीच दिली भरून," सासू म्हणाली. "घरान्याची आब्रू हाय का न्हाई?"

"अब्रू राहिली असती, सून गेली असती!" मॅडम कडाडल्या. मला तर म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं.

*

छातीच्या फोटोत कॅन्सर पसरल्याचे डाग दिसले, मॅडमची शंका खरी ठरली. मुंबईहून गोळ्या मागवल्या. त्या गोळ्यांनी हिराबाईचं तोंड इतकं आलं, की दूधही झोंबायचं. तरी तिची एकच मागणी, "वाईच मिरचीचा खर्डा द्या की!" पुढे बेडूक 'नाही' म्हणाला, तेव्हा बाटली मी स्वतः आणली होती. हिराबाई बरी होऊन गावी गेली.

*

पण खरा किस्सा, कॅन्सर आहे असं मॅडमनी सांगितलं त्या दुपारचा. सासूनं आधी हात जोडले. मग बाजारात गेली, ती कंदी पेढ्यांचा पुडा घेऊनच आली. "सून पोटुशी न्हाई, रोगच हाय!" म्हणत प्रत्येक कॉटवर पेढे वाटत सुटली!

शेवटी पुडा हिराबाईपुढे आला. तिनं पेढा हातात घेतला आणि सासूकडे बघितलं.

"आत्याबाई, पोटुशी निघाले असते, तर काय चारलं असतं तुमी मला?"