कूस बदलणारा वरवंटा

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही पनवेलला आलो, तेव्हा मुलगी आधीच नोकरीसाठी बंगळुरूला गेली होती. घरात दिवसभर मी एकटीच असायचे. घराजवळच्या वाचनालयात पुस्तक बदलायला म्हणून जायचे आणि तिथेच तासभर रेंगाळायचे. ते वाचनालय चालवणाऱ्या सरांच्या लक्षात आलं असावं. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला वेळ असतो का?"

"वेळच वेळ असतो," मी म्हटलं.

"मग वरचं संग्रहालय सांभाळाल का?"

संग्रहालय म्हणजे वाचनालयाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. सर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, सत्तरीला टेकलेले. आसपासच्या गावांत जुनी घरं पडून इमारती उभ्या राहायला लागल्या, तशा सरांनी त्या घरांतल्या वस्तू मागून आणायला सुरुवात केली होती. मिठागरातली लाकडी फावडी, भात मोजायची मापं, एका कोकणी मुसलमान घरातलं नक्षीचं पानदान, माशांच्या टोपल्या. प्रत्येक वस्तूपुढे सरांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. मी रोज दुपारी जाऊन कपाटं पुसायचे, कुणी आलंच तर माहिती सांगायचे. फारसं कुणी यायचं नाही.

खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात एक वरवंटा होता. काळा दगड, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, दोन्ही टोकांना हाताची पकड बसून बसून किंचित निमुळता. पळस्प्याजवळच्या एका गावातल्या आजींनी दिलेला. तो काचेच्या फळीवर भिंतीला समांतर ठेवलेला असायचा. एका सोमवारी गेले तर तिरका झालेला. मी सरळ केला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तिरका. मला वाटलं, सरांना असाच ठेवायचा असेल. मग एकदा सरच म्हणाले, "मॅडम, वरवंटा आडवातिडवा का ठेवता?"

"मी? मला वाटलं तुम्ही ठेवता."

"मी कशाला ठेवीन? किल्ली तुमच्याकडे असते."

त्यांच्या मनात काही नसावं, पण मला ते लागलं. पुढचा आठवडा आम्ही एकमेकांशी अगदी जपून बोललो. सर खाली पुस्तकांच्या नोंदी करत बसायचे, मी वर. चहासुद्धा वेगवेगळा व्हायचा.

एका दुपारी सर फाटलेली चिठ्ठी बदलायला वर आले होते. मी खिडकीशी बसून पानदान पुसत होते. खाली गटारासाठी मुख्य रस्ता खणला होता, त्यामुळे खडीचे डंपर आमच्या गल्लीतून वळवले होते. एक डंपर खड्ड्यातून गेला, खिडकीची तावदानं खडखडली, आणि वरवंट्याचं टोक थोडंसं सरकलं.

"सर, हलला."

"कोण?"

"वरवंटा."

सर चष्मा पुसून आले. आम्ही दोघं कपाटापुढे खुर्च्या ओढून बसलो. पुढचा डंपर आला. वरवंटा पुन्हा सरकला, झोपलेलं मूल कूस बदलताना आधी जरासं चाळवतं ना, तसा. सरांचा चेहरा इतका उजळला की मला एकदम त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलांचा हेवा वाटला. त्यांनी कपाट उघडायला लावलं, वरवंटा हातात घेऊन बोटाने त्याचं पोट चाचपलं आणि मला समजावून सांगितलं. वाटून वाटून दगड मधे फुगीर राहिला होता, त्यामुळे काचेला तो जेमतेम एका ठिकाणी टेकत होता. फळीला थोडा उतारही होता. प्रत्येक धक्क्याला तो त्या टेकलेल्या जागेवर फिरायचा.

"म्हणजे तुम्ही नाही आणि मीही नाही," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चहा मागवू का?"

त्या दिवसापासून आमचा चहा पुन्हा एकत्र सुरू झाला.

ही गोष्ट बाहेर कशी गेली ते कळायला वेळ लागला नाही. खारघरच्या कॉलेजातल्या काही मुली प्रकल्पासाठी आल्या होत्या. त्यातल्या एकीने मोबाइल कपाटापुढे ठेवून चित्रण केलं आणि टाकलं सगळीकडे. मग माणसं यायला लागली. कधी जिना न चढलेली माणसं. काही डंपरची वाट बघत बसायची. एक बाई कपाटावर जास्वंदीचं फूल ठेवून गेल्या. सरांनी फूल उचललं आणि कंपनाची आकृती काढून एक कागद काचेवर चिकटवला. तो कुणी वाचला नाही.

त्या गर्दीत एक दिवस वरवंट्याच्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारीतल्या, एक हात जिन्याच्या कठड्यावर आणि दुसरा नातसुनेच्या खांद्यावर. नातसून स्वतःच सातव्या महिन्यातली, त्यामुळे कोण कुणाला आधार देतंय ते सांगणं कठीण होतं. सरांनी दोघींना खुर्च्या दिल्या आणि आजींना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकलं.

"असंल मास्तर," त्या म्हणाल्या. "पन आमच्या घरापुढनं बी गाड्या जायच्या. तवा नाय हलला."

"तेव्हा तो पाट्यावर असेल ना, आजी."

"पाट्यावर व्हता."

"मग पाटा कुठे आहे?"

आजींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "पाटा गेला. मागल्या दारी जमिनीत पुरलेला व्हता. घर पाडला तवा मी भाचीकडं व्हते. आले तं सगला सपाट. जेसीबीनं दाबून टाकला. ह्यो तेवढा सामानाबरोबर डब्यात भरलेला व्हता म्हनून वाचला."

नवी इमारत झाल्यावर मुलांना फ्लॅट मिळाले होते, स्वयंपाकघरात मिक्सर आला होता. वरवंट्याला जागा कुठे द्यायची हे कुणाला कळेना. "येकटा कोनाच्या गल्यात मारायचा? म्हनून तुमाला दिला," आजी म्हणाल्या. जाताना त्यांनी काचेवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या आलीतल्या सगल्या पोरांची बारशी ह्याच्यानं झाली, बाय. त्याला हितं करमत नसंल."

सरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोकरीचा जाड नमदा कापून आणला आणि वरवंट्याखाली घातला. म्हणाले, सरकत सरकत कडेला येऊन पडला तर काय घ्या. वरवंटा हलायचा थांबला, माणसंही यायची थांबली.

पावसाळा संपत आला तेव्हा आजी पुन्हा आल्या, या वेळी नातवाच्या स्कूटरवरून. त्यांच्या हातात कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी होती. पणती झाली होती. खारघरला नातवाच्या सोसायटीत, क्लबहाउसमध्ये बारसं होतं. सरांना आणि मला त्यांनी अक्षता दिल्या. मग कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आनि त्याला."

सरांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते अवघडले. "आजी, संग्रहालयाला दिलेली वस्तू परत देता येत नाही."

"परत कोन मागतंय? बारशाला बोलावतेय."

"पण बाहेर नेता येत नाही."

"तुमी घेऊन या. तुमीच परत न्या. मी हात बी नाय लावनार, मंग तं झाला?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी पानदान पुसण्यात गुंतल्यासारखं केलं. शेवटी त्यांनी अक्षतांचे दोन दाणे काचेच्या कपाटात वरवंट्याजवळ ठेवले, आणि आजी समाधानाने जिना उतरल्या.

बारशाच्या दिवशी आम्ही रिक्षाने निघालो. वरवंटा टॉवेलात गुंडाळून सरांनी मांडीवर घेतला होता. प्रत्येक गतिरोधकाला ते त्याच्याभोवतीचे हात घट्ट करायचे. सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने टॉवेल उघडायला लावला.

"हे काय आहे?"

"वरवंटा," सर म्हणाले. "कार्यक्रमाला आलाय."

क्लबहाउसमध्ये फुगे, केक, भाड्याने आणलेला फुलांचा पाळणा असं सगळं होतं. नातसुनेच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या होत्या. तिने वरवंटा बघितला आणि तिला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "मॅडम, आम्ही ऑनलाइन एक छोटा मागवला होता," ती हळूच म्हणाली, "पण आजी म्हणाल्या, तो खेळण्यातला आहे."

वरवंट्याला कुंची घातली, काजळाचं बोट लावलं. एकीने तो पाळण्याखालून द्यायचा, पलीकडे बसलेल्या दुसरीने घ्यायचा आणि पाळण्यावरून परत द्यायचा. आजींना वाकता येईना. त्यांनी मला हाक मारली, "बाय, तू बस."

मी म्हटलं, "आजी, मी तुमच्या घरातली नाही."

"रोज कोन पुसतंय त्याला?" त्या म्हणाल्या.

मी पाळण्याशी बसले. समोर नातसुनेची आई होती. कपाट पुसताना शेकडो वेळा उचललेला तो दगड कुंचीमुळे हातात वेगळाच वाटला. माझ्या मुलीचं बारसं साताऱ्याला झालं होतं, तेव्हा माझ्या आत्याने असाच वरवंटा पाळण्याखालून घेतला होता, ते इतक्या वर्षांत मला आठवलंही नव्हतं. पाळण्यातली मुलगी जागी होती. तिचं लक्ष फुग्यांकडे होतं.

नाव कानात सांगून झालं तेव्हा सर भिंतीशी उभे होते. आजींनी त्यांना बोलावून खुर्चीवर बसवलं आणि बाळ उचलून सरळ त्यांच्या हातात दिलं. सर घाबरले. "मी कधी घेतलेलं नाही," म्हणाले.

"तो धरून आनलाव ना येवढा लांबून?" आजी म्हणाल्या. "ह्यी तं हलकी हाय."

सरांनी मान ताठ ठेवून, श्वास रोखून बाळ धरलं. ते रडलं नाही. नंतर कुणी घ्यायला आलं तेव्हा सर म्हणाले, "असू दे अजून थोडा वेळ."

त्या कार्यक्रमातल्या एका मुलीला दिवस गेले होते. तिने चार महिन्यांनी वरवंट्याला बारशाला बोलावायला वाचनालयात फोन केला. मग तिच्या ओळखीच्या आणखी एकीने केला. आता महिन्या-दोन महिन्यांतून एखादं बोलावणं येतं, खारघरहून, कधी थेट उरणहून. आम्ही कधी नाही म्हणत नाही. माझं जाणं होतंच असं नाही, पण सर जातात. पांढरा सदरा घालतात, टॉवेल स्वतः धुऊन वाळवतात. संध्याकाळी परत आले की कपाट उघडून वरवंटा जागेवर ठेवतात आणि घुगऱ्यांची पुडी माझ्या टेबलावर सोडतात. मी बाळाचं नाव विचारते. परवाचं नाव मला ऐकू आलं नाही, म्हणून सरांनी ते दोनदा सांगितलं आणि मग बाळाला जावळ किती दाट आहे तेही सांगत बसले.