आतेचा पाय

“आज हिचो पाय तालात पडणा नाय,” माझ्या मागे उभी असलेली शेजारची काकू दुसरीला म्हणाली.

चतुर्थीचे दिवस होते आणि आमच्या घरापुढच्या खळ्यात बायकांच्या फुगड्या रंगल्या होत्या. ‘ही’ म्हणजे माझी आते, बाबांची थोरली बहीण. ती आमच्याच घरात राहते. वाडीच्या फुगडीत गाणं तिने उचलायचं, ठेका तिने द्यायचा आणि बाकीच्यांनी तिच्या मागून जायचं. मी नेहमीसारखी खांबाला टेकून बघत होते. काकू म्हणाली ते मलाही दिसलं होतं. आतेचा डावा पाय जरा उशिरा उचलला जात होता, आणि ती सारखी खाली बघत होती. एरवी फुगडीत ती कधी पायांकडे बघत नाही.

पुढे तिची चप्पल वाटेत गळून पडू लागली. काजूच्या बागेतून ती एकाच चपलेवर घरी यायची आणि तिला पत्ता नसायचा. “आता दुसरी पण टाकून येय, म्हणजे शोधणाऱ्याक जोड गावतलो,” बाबा म्हणायचे, आणि सगळ्यांत जास्त तीच हसायची. कमरेचा एमआरआय केला, तो साफ निघाला. मग वय, वजन, गुडघे यांच्यावर सगळं ढकलून झालं. पण ती घरातसुद्धा भिंत धरून चालायला लागली तेव्हा हसणं थांबलं. बाबांनी गोव्यातल्या एका न्यूरोसर्जनची वेळ घेतली. इंग्रजी बोलायला म्हणून मला बरोबर नेलं.

इंग्रजी लागलंच नाही. डॉक्टर कोकणीत बोलत होते. आतेच तेवढी त्यांना शुद्ध मराठीत उत्तरं देत होती. दवाखान्यात आणि कचेरीत ती तशीच बोलते. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि ते पावलापासून वर हलकेच टाचणी लावत गेले.

“हो, टोचलं. हो, इथेही टोचलं,” आते सांगत होती, तोंडी परीक्षेत बसलेल्या हुशार मुलीसारखी. मी तिच्या पायाशी उभी होते. तिथून तिच्या पापण्या दिसत होत्या. त्या पुरत्या मिटलेल्या नव्हत्या. टाचणी बघून ती उत्तरं देत होती. तिला नापास व्हायचं नव्हतं.

अनोळखी माणसासमोर मी आधी वाक्य मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. या वेळी घाईत तसंच म्हटलं, “ती बघून सांगतेय.”

“चुगलखोर मेली,” आते म्हणाली. डॉक्टर हसले आणि त्यांनी तिचाच पदर तिच्या डोळ्यांवर टाकला. टाचणी पुन्हा पावलावर आली, नडगीवर, मांडीवर. आते गप्प. पोटावर आली तेव्हा “कायतरी लागता” एवढंच. बरगड्यांपाशी पोचल्यावर मात्र ती दचकली. “आये गो, आता टोचता.” शुद्ध मराठी पदराखालीच राहिली.

कमरेचा फोटो साफ येणारच होता. भानगड वर, पाठीत होती. नव्या एमआरआयमध्ये ती दिसली, काजूच्या बीएवढी पांढरी गाठ. मेनिंजिओमा. मज्जारज्जूभोवती जे आवरण असतं त्यातून ती वाढते, सहसा कॅन्सरची नसते, पण सावकाश वाढत रज्जूला दाबते. डॉक्टरांनी सांगितलं, मागून मणक्यांचं हाड काढून वाट करायची, आवरण उघडायचं आणि गाठ आतून पोखरून तुकड्या-तुकड्यांनी काढायची, रज्जूला ओढ बसू न देता.

“फुगडी घालूक मिळात मा?” आतेने एवढंच विचारलं.

डॉक्टर म्हणाले, गाठ काढणं माझं काम, पाय किती परत येतो ते मात्र नंतरच कळेल.

ऑपरेशनमध्ये गाठ सगळी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉटपाशी बसले होते. आतेने पाय जरासा सरकवला आणि ती छताकडे बघत म्हणाली, “चादर थंड लागता गो.” बाबा चहा आणायला म्हणून उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. परत आले तेव्हा हात रिकामे होते, आणि आतेने विचारलं, “च्या खंय? की तुझीय चप्पल पडली?”

नंतर ती आधी काठी घेऊन आणि मग काठी विसरून अंगणात चालत राहिली. मी बरोबर चालायचे.

पुन्हा चतुर्थी आली. खळ्यात फुगडी उभी राहिली आणि आतेने खुर्चीवरून गाणं उचललं. आवाज होता तसाच होता. दुसऱ्या कडव्याला ती उठली. बायकांनी जागा करून दिली, पण हात धरायला कुणी पुढे होईना. पडली तर, अशी सगळ्यांनाच भीती. ती एकटीच ठेका धरून उभी होती, आणि पुन्हा खाली बघत होती.

मी खांब सोडला. एवढ्या बायकांसमोर मी कधी मालवणीत बोलले नव्हते, घरातही कमीच. तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, “आते, पायांकडे बघू नको. आता बघून सांगूचा नाय. माझ्याकडे बघ, आणि माका शिकय.”