वाणाची नोंद

ती गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. खात्यात असताना केसेस पुष्कळ बघितल्या. चोऱ्या, मारामाऱ्या, नको नको ते. पण ही कुठल्याच ठाण्याच्या दप्तरी नाही. ही रिटायर झाल्यावरची, इथली सिंगापूरची, माझ्याच घरातली. नावं कुणाची घेत नाही.

माझं शिक्षण जेमतेम. आमचे मालक, मुलाचे वडील, पोलिसात होते, ते ड्युटीवर असताना गेले आणि त्यांच्या जागी मला शिपाई म्हणून घेतलं. मुलगा तेव्हा मांडीवर होता. रडायला सवड नव्हती, पोटाचं बघायचं होतं. हवालदार होऊन रिटायर झाले. नगरपालिकेच्या सभेला माझा बंदोबस्त ठरलेला असायचा. आत नगरसेवक, बाहेर व्हरांड्यात ठेकेदारांची माणसं. कोण कुणाचा, कशाला आलाय, कुणी विचारत नसे. आम्ही दाराशी काठी घेऊन उभे. सगळं दिसायचं, लिहून कुठंच नसायचं.

आता मी मुलाकडं, बेडोकला. त्याचा कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत, फ्लॅट आहे. इथं फ्लॅटवाले मतं देऊन मॅनेजमेंट कौन्सिल निवडतात. पाणी, लिफ्ट, रंग, सफाई, सगळे ठेके तेच देतात. म्हणजे लहानशी नगरपालिकाच. मुलगा त्यात निवडून आला आणि पहिल्याच मीटिंगला त्यानं ठराव आणला. ठेका मागणाऱ्या कंपनीच्या वतीनं जो कुणी कौन्सिलच्या मेंबरशी किंवा त्याच्या घरच्यांशी बोलेल, त्याचं नाव आणि बोलणं ऑफिसातल्या रजिस्टरला लिहायचं. लिहायचं मेंबरनं. परदेशात काही शहरांच्या पालिका असं रजिस्टर ठेवतात, ते त्यानं कुठं तरी वाचलेलं. मला बरं वाटलं. आमच्या व्हरांड्यात असं काही असतं तर, असं मनात आलं.

संक्रांत होऊन गेली आणि कौन्सिलच्या चेअरमनबाई दारात आल्या. चिनी बाई, रिटायर झालेली मास्तरीण. आत यायला तयार नाही. मुलाशी इंग्लिशमध्ये बोलली आणि गेली. तो सोफ्यावर बसला तो बसलाच.

"काय म्हणाली रे?"

"रंगाच्या कामाचं टेंडर आहे ना आई. त्यातल्या एका कंपनीनं आपल्या घरी काही तरी पोचवलंय, असं तिला कुणी तरी सांगितलंय. रजिस्टरला तर काही नाही. मीटिंगच्या आधी खरं काय ते सांग म्हणाली."

"मग?"

"मग काय? कुणी आलेलं नाही. तू तर दिवसभर घरातच असतेस."

ते खरं होतं. दारातून कुणी आलेलं नव्हतं. पण मुलाचा चेहरा उतरला होता. इथं असल्या गोष्टीला माफी नाही. सरकारी असो की खाजगी, लाच म्हटली की चौकशी लागते. नोकरी जाते, पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, जातो, मग चंबूगबाळं उचलून चालायला लागायचं. दहा वर्षं राबून उभं केलेलं सगळं.

मी कुणाला काही बोलले नाही. खात्यात एक शिकले होते. खबर खोटी असली तरी तिला कुठं तरी मूळ असतं.

संध्याकाळी खाली मुलं खेळतात तिथं जाऊन बसले. शेजारची मराठी पोरगी लेकराला भात भरवत होती. स्टीलची नवी वाटी, काठाला नक्षी. पलीकडच्या बाईच्या हातात तसलीच.

"वाटी छान आहे गं."

"सातव्या मजल्यावरच्या हळदीकुंकवाला मिळाली काकू. वाण. सगळ्यांना सेम. तुमच्याकडे पण असेल ना?"

"असेल की," म्हटलं.

आमच्याकडं नव्हती. भांडी मीच लावते. आणि सातव्या मजल्यावरचीचा नवरा पाया लेबारला एका रंगकामाच्या कंपनीत मॅनेजर. हळदीकुंकवाला सून गेली होती. मी विधवा बाई, मला बोलावणं नसतं आणि मी जातही नाही.

माणसाला समोर उभं करून विचारलं की तो खोटं बोलतो. हाताला काम दिलं की खरं बोलतो. दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी काढली, सुनेला म्हटलं, बस जरा. आम्ही निवडत बसलो.

"संक्रांतीला वाण काय मिळालं गं?"

"वाटी."

"कुठंय?"

ती पानं खुडत राहिली. मी गप्प. गप्प बसणं हा अर्धा तपास असतो.

"आई, वाटी नाही," ती म्हणाली. "मला करंडा दिला. चांदीचा. सगळ्या गेल्यावर थांबवून घेतलं आणि ओटीत घातला."

"आणि म्हणाली काय?"

"म्हणाली, रंगाचं टेंडर येतंय, भाऊजींना सांग, आमच्या ह्यांचं कोटेशन जरा नीट बघा. मी ह्यांना काही सांगितलं नाही. वाणाला नाही म्हणतात का आई? हळदीकुंकू म्हणजे काय मीटिंग आहे?"

तिचं काय चुकलं सांगा. वाण नाकारत नाहीत, परत तर कधीच करत नाहीत. देणारीनं हेच ओळखलेलं. कौन्सिलनं नियम केला, ऑफिसात रजिस्टर ठेवलं, आणि बोलणं बायकांच्या ओटीतून आलं.

रात्री मुलाला सांगितलं. तो आधी चिडला, मग आवाज खाली आणला. "आई, सौभाग्याचं वाण आहे ते. कुणी चांदी तपासायला येत नाही. गप्प बसू या."

"ठराव कुणी आणला?"

"मी आणला म्हणूनच म्हणतोय. माझ्याच घरात निघालं तर तोंड कसं दाखवू?"

"दुसऱ्यानं काढलं तर कसं दाखवशील?"

तो उठून गॅलरीत गेला. सून तिथंच उभी होती. म्हणाली, "मी आजारी होते तेव्हा नोव्हेनाच्या हॉस्पिटलात रात्रभर तीच बसली होती, आई. तुम्ही तेव्हा तिकडं गावाला होता. इथं मला तिच्याशिवाय कुणी नाही."

मी उठून दिवा मालवला.

सकाळी सून आपणहून तयार झाली. करंडा रुमालात बांधला. मला म्हणाली, चला. आम्ही सातव्या मजल्यावर गेलो.

ती हसून दार उघडायला आली. रुमाल बघितला आणि हसू गेलं.

"वाण परत आणतात का गं?"

"नाही आणत," सून म्हणाली. "पण त्याच्याबरोबर तू काम सांगितलंस. आता ते आम्हाला रजिस्टरला लिहावं लागणार. तुला आधी सांगायला आले."

"ह्यांची नोकरी जाईल."

"नाही लिहिलं तर आमची जाईल."

"तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा कुठल्या रजिस्टरला लिहिलं होतंस?"

सुनेनं करंडा चपलांच्या स्टँडवर ठेवला. दार लागलं. लिफ्टमध्ये ती रडली नाही, नुसती आकडे बघत होती.

कौन्सिलच्या ऑफिसात तिनं नवऱ्याला बोलावून घेतलं, करंडा परत दिला म्हणून सांगितलं आणि त्याच्या हातानं सगळं लिहवून घेतलं. कुणी दिलं, काय दिलं, काय सांगितलं, परत केलं. रंगाच्या कामाला मी मत देणार नाही, हेही त्यानं लिहिलं. तिथं बसलेल्या चेअरमनबाईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि खाली स्वतः लिहायला लागली. मुलानं मला मराठीत सांगितलं: हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, त्याच कंपनीचा माणूस तिच्या टेबलाशी येऊन बसला होता, कामाचं बोलला आणि कॉफीचे पैसे देऊन गेला. तिला तो नुसता शेजारधर्म वाटला होता. त्या आठवड्यात आणखी दोन मेंबर येऊन लिहून गेले.

ती कंपनी टेंडरमधून बाहेर पडली. सातव्या मजल्यावरचीच्या नवऱ्याची नोकरी गेली की राहिली, नक्की कळलं नाही. काही महिन्यांनी ते फ्लॅट सोडून गेले. मुलाकडं परत कुणी बोट दाखवलं नाही.

या केसनं मला एवढंच शिकवलं. वशिला दारातून येतो म्हणून आम्ही जन्मभर दार राखलं. तो उपकारातून येतो, सणातून येतो, आजारपणातल्या सोबतीतून येतो, आणि आणणाऱ्यालाही तो बऱ्याचदा वशिला वाटत नाही. म्हणून लिहायचं. लिहिणं कठीण, कारण चोराचं नाव लिहायला हात थांबत नाही, आपल्या माणसाचं लिहिताना थांबतो. माझ्या सुनेचा थांबला नाही. घर वाचलं.

दुपारी आम्ही दोघी चहा घेतो. ती फारसं बोलत नाही. मीही विचारत नाही.