घर गेलं, असं मी सांगितलं

श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावातलं कौलारू घर विकलं गेलं, मुंबईच्या कुणीतरी घेतलं, असं मी काही वर्षांपूर्वी बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. घर कुणीही घेतलेलं नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. मुलीला नाही, ऑफिसात पंधरा वर्षं शेजारी बसणाऱ्या मित्रालाही नाही. तसा मी बोलणारा माणूस नव्हेच. बायको म्हणते, "यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे बोअर मारणं आहे जी. दोनशे फुटांवर लागला तर लागला."

आम्ही दोघंही वर्ध्याकडचे. लग्न होऊन पुण्यात आलो तेव्हा तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा नेलं तेव्हा चपला हातात घेऊन ती पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी! अन् आमच्याकडं चौथ्या दिवशी नळ येते." त्या दिवसापासून समुद्राजवळ घर हा विषय आमच्या घरात राहायलाच आला.

पण आधी घेतला तो कोथरूडचा फ्लॅट. तो मी एकट्यानं ठरवला होता. पैसे भरून झाल्यावर तिला दाखवला. तिनं सगळ्या खोल्या पाहिल्या, खिडकी उघडली. समोर शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी. "चला," ती म्हणाली, "पाणी तर आहे समोर." ती हसली म्हणून मीही हसलो. ते हसणं वीस वर्षं माझ्या अंगावर आहे.

म्हणून फ्लॅटचे हप्ते संपले तेव्हा मीच म्हणालो, बघूया का समुद्राकडे? लगेच कळलं की समुद्र आपल्यासारख्यांची वाट बघत बसलेला नाही. 'समुद्र दिसतो' म्हटलं की भाव दुप्पट, 'ऐकू येतो' म्हटलं तरी दीडपट. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं लॅपटॉपवर तक्ता मांडला आणि निकाल दिला, "बाबा, लॉजिकली बघाल तर दर महिन्याला रिसॉर्टला जा. मरेपर्यंत परवडेल."

"रिसॉर्टात पडदे आपले नसतात," बायको म्हणाली.

ती शिवणकाम करते. तिची टेप पर्समध्येच असते. श्रीवर्धनकडचं ते घर, आमचं पहिलंच, बघायला गेलो तेव्हा मालक ओटीवर बसले होते. निवृत्त पोस्टमास्तर, पंचाहत्तरीच्या पुढचे, बनियन आणि पंचा. मुलगा परदेशात, कौलं शाकारायला माणूस मिळेना, म्हणून पुढचं घर विकून स्वतः मागच्या दोन खोल्यांत राहायचा त्यांचा बेत. मी काही विचारायच्या आत बायको आत शिरून खिडक्या मोजायला लागली होती.

"वहिनी, आधी किंमत तरी विचारा!"

"किंमत हे विचारतील. मी खिडक्या पाहून राहिले."

सात खिडक्या. प्रत्येकीचं माप ती मोठ्यानं सांगायची आणि म्हातारा पोस्टाच्या जुन्या फॉर्मच्या मागं लिहून घ्यायचा. पाचव्या खिडकीतून सुरूची झाडं आणि त्यांच्यामधून समुद्राची एक पट्टी दिसत होती. तिथं तिची टेप थांबली. "हिचं नंतर लिहा काका," ती म्हणाली.

निघताना तिनं तो फॉर्म पर्समध्ये ठेवला. परतताना ताम्हिणी घाट संपेपर्यंत ती बोलत होती. चार दिवस आम्ही सगळी गणितं केली. गावाकडचा प्लॉट विकायचा, उरलेलं कर्ज काढायचं. पाचव्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या पार्किंगमधून फोन लावला. हो म्हणायलाच लावला होता.

"झकास," पोस्टमास्तर म्हणाले. "मग कागद लिहायला घेतो. पूर्ण नाव सांगा पाहू. आडनावासकट."

तोवर मी त्यांना नुसतं पहिलं नाव सांगितलं होतं. मी नेहमी तसंच सांगतो.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली. कॉलेजला पुण्यात आलो तेव्हा नारायण पेठेत एक खोली पाहिली होती. घरमालकांनी खोली दाखवली, नळ दाखवला, सकाळी किती वाजता पाणी येतं तेही सांगितलं. जिना उतरताना आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "अहो, विसरलोच. खोली गेली." आवाज अगदी सभ्य होता. आठवडाभर मी त्या गल्लीतून जात होतो. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तिथंच होती.

तर पार्किंगमध्ये माझी जीभ उचलेना. म्हातारा फोनवर "हॅलो, हॅलो" करत होता. "नंतर करतो," म्हणालो आणि ठेवला. पुन्हा केला नाही. त्यांचा आला, तो घेतला नाही.

घरी बायको टेबलावर पडद्यांचं कापड पसरून बसली होती. कापड निळं, बारीक पांढऱ्या रेघांचं. मी बूट काढत म्हणालो, "घर गेलं. मुंबईच्या पार्टीनं घेतलं."

आवाज सभ्य होता. त्या घरमालकांसारखाच.

तिनं कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "जाऊ द्या. समुद्र कुठं जाऊन राहिला?" आणि तिनं कापड घडी घालून कायमचं ठेवून दिलं, असं मला वाटलं.

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या संसारातली सगळ्यात मजेची असावीत, आणि हे लिहायला मला लाज वाटते. महिन्यातून एक रविवार आम्ही घर बघायला जायचो. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखट पुऱ्या. माणगावला थांबून मिसळ. आम्ही फरशा वाजवल्या, विहिरीत डोकावलो. एका दलालानं तर भरतीच्या वेळी घर दाखवलं आणि ओहोटीला समुद्र गायब झाल्यावर म्हणाला, "संध्याकाळी परत येतो साहेब, गॅरंटी." बायको त्या वाक्यावर माणगावपर्यंत हसली.

प्रत्येक घरात मी खोट काढायचो. ओल आहे, रस्ता अरुंद आहे, उंबरा चुकीच्या बाजूला आहे.

"उंबरा?" मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्ही कधीपासून वास्तुशास्त्र मानायला लागलात?"

खोट उंबऱ्यात नव्हती. प्रत्येक ठिकाणी आडनावाच्या एक पायरी आधी मी मागं वळत होतो. आणि बायको "बरं" म्हणून टेप गुंडाळत होती.

मग एका जानेवारीच्या रविवारी ती म्हणाली, "त्या पहिल्या गावावरून गाडी घ्या. मुंबईवाल्यांनी पडदे कसे लावले ते पाहू."

मी रस्ता खराब असेल म्हणालो. पेट्रोल कमी आहे म्हणालो. तिनं वाकून काट्याकडं पाहिलं. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली होती. गाडी वळली. आता सगळं उघडं पडणार होतं, तेही तिच्यासमोर.

घर तसंच होतं. म्हातारा ओटीवर, तोच पंचा. बायको फाटकातच थांबली, तिला कुंपणापलीकडं सुपारी सोलणाऱ्या दोन बायका दिसल्या आणि ती त्यांच्याशी बोलायला लागली. मी एकटाच पुढं गेलो.

"या," पोस्टमास्तर म्हणाले. "फोन ठेवलात तो ठेवलातच की हो!" आत जाऊन त्यांनी एक कागद आणला. घडीवर पिवळा पडलेला. वर त्यांचं नाव, सर्व्हे नंबर, चतुःसीमा. खाली 'लिहून घेणार' आणि पुढं माझं पहिलं नाव. त्यापुढं कोरी जागा. "अर्धवट पत्ता असलेलं पाकीट मी उभ्या जन्मात परत नाही पाठवलं. शोधून द्यायचो. पण तुम्ही फोनच उचलेनात."

"मधे कुणी आलं नाही?"

"आले होते की, मुंबईचे. इथं पोहायचा तलाव बांधणार म्हणाले. समुद्रासमोर तलाव! म्हटलं, चालते व्हा." त्यांनी पेन उघडलं. "हं. आडनाव?"

मी सांगितलं. मोठ्यानं, पूर्ण.

पेन थांबलं नाही. "वडिलांचं नाव?" ते म्हणाले. मग गावाचं. मग जिल्ह्याचं. "वर्धा म्हणजे तिकडं उन्हाळा फार, नाही का?" लिहून झाल्यावर त्यांनी कागदावर फुंकर मारली, जुन्या सवयीनं.

"भाव काय झालाय आता?"

"तोच. जास्त घेऊन करू काय? मासे तेवढेच लागतात."

तेवढ्यात बायको ओटीच्या पायरीशी आली. तिनं कागद पाहिला, मला पाहिलं. "हे घर गेलं होतं ना जी?"

मी तोंड उघडलं. दोनशे फूट खाली काही लागलं नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"गेलं होतं, वहिनी," ते म्हणाले. "परत आलं."

मे महिन्यात खरेदीखत झालं. पुढच्या पौर्णिमेला आम्ही घरात वंदना घेतली, खीर केली. सुपारी सोलणाऱ्या दोघी आल्या, त्यांची नातवंडं आली. पोस्टमास्तर दोन वाट्या खीर खाऊन तिसरी मागच्या खोल्यांत घेऊन गेले. मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. तो तिनं उघडलाच नाही. दिवसभर पाण्यात होती.

आणि पडदे. बायकोनं पिशवीतून निळ्या कापडाचे, पांढऱ्या रेघांचे पडदे काढले. इस्त्री केलेले. सात खिडक्यांचे. त्या संध्याकाळी तिनं ते कापड कायमचं ठेवून दिलं नव्हतं. पुढं कधीतरी, मी नसताना, ती ते शिवून मोकळी झाली होती.

"घर गेलं होतं, तरी शिवलेस?" मी विचारलं.

"कापड चांगलं होतं," ती म्हणाली. स्टुलावर चढली आणि पाचव्या खिडकीपाशी आली. त्या खिडकीचं माप कधीच लिहिलेलं नव्हतं. तरी पडदा नेमका बसला. तिनं तो बाजूला सारला आणि मोठ्यानं हसली. पलीकडं समुद्र होता.

आता जवळजवळ प्रत्येक शनिवारी आम्ही तिथं असतो. संध्याकाळी पोस्टमास्तर ओटीवर येतात, चहा घेतात, बायकोच्या वऱ्हाडीची नक्कल करतात. ती त्यांना "काऊन जी काका" म्हणून चिडवते. मी पुडीतले शेंगदाणे सोलत बसतो. मला फार बरं वाटतं.

तिला मी खरं सांगितलेलं नाही. आणि त्या म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात नारायण पेठेतल्या जिन्यावर नेऊन उभं केलं होतं, त्यांनी काही म्हणायच्या आधीच. त्यांची माफीही मागितलेली नाही. ही दोन देणी माझ्याकडं अजून बाकी आहेत.