शब्बाथशाळेची लांब प्रार्थना

उन्हाळ्याच्या सुटीत मी पुण्याहून सोलापुरास आलो, तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मुलांची रविवारची शब्बाथशाळा माझ्याकडे सोपवली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, म्हणून असेल. शिकवायला जमेल की नाही याची मला धास्तीच होती. निदान शिस्त तरी लावावी म्हणून मी क्रम ठरवला: आधी प्रार्थना, मग गीत आणि गोष्ट, शेवटी हजेरी. प्रार्थना चालू असताना कोणी आत यायचे नाही, हा नियमही माझाच.

तिसऱ्या रविवारी मी डोळे मिटून माझी लांबलचक प्रार्थना म्हणत होतो. पुढचे वाक्य आठवेना, म्हणून डोळे किलकिले केले. दाराबाहेर एका गिरणीकामगाराची आठेक वर्षांची मुलगी उभी होती. कडेवर तान्हा भाऊ. पायरीची फरशी तापलेली, म्हणून ती अनवाणी पाय आळीपाळीने उचलत होती. डोळे मात्र घट्ट मिटलेले.

मी तिथेच "आमेन" म्हटले.

"मास्तर, आज लई लवकर संपली की!" पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला.

मुलगी आत येऊन माझ्यापाशी थांबली. "आई पानी घिऊन आल्याबिगर घर उघडं टाकून मला निघता येत न्हाय," ती हळूच म्हणाली. "हजेरीतनं माजं नाव काढनार काय?"

"नाही गं." मी तिला बसायला जागा करून दिली. "आता प्रार्थना तू आल्यावरच करू."

"मग मी पळत येते की!"

"पळू नकोस," मी म्हणालो, "बाळ पडेल."