हिवाळा निवांत चाललाय

मी मेन्टॉर झालो त्यात माझं कर्तृत्व काही नाही. ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात स्वेच्छेने करायच्या समाजकार्याचे तीन दिवस सक्तीचे असतात. आदल्या वर्षी मी एका शाळेचं कुंपण रंगवलं होतं आणि नंतर आठवडाभर कंबर धरून बसलो होतो. त्यामुळे या खेपेला बसून करण्यासारखं काहीतरी शोधत होतो. यादीत मंगोलिया दिसलं. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मंगोलियन तरुणांसाठी नेतृत्वविकासाचा नऊ महिन्यांचा कार्यक्रम, प्रत्येकाला एक अनुभवी मेन्टॉर, महिन्यातून दोनदा तासभर गप्पा. गप्पा मारायला मला कधी शिकवावं लागलेलं नाही. मी नाव दिलं.

माझ्या वाट्याला आली ती सव्वीस वर्षांची मुलगी होती. रेडिंगला राहून घरं गरम ठेवण्याच्या यंत्रणांवर मास्टर्स करत होती. तिच्या शहरात हिवाळ्यात घराघरांत कोळसा जळतो आणि त्या धुराने लहान मुलं आजारी पडतात, हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. कार्यक्रम पुरा करणाऱ्यांतून निवडलेल्या काही जणांना मायदेशी दोन वर्षांची जबाबदारीची जागा मिळणार होती, आणि त्यातली एक नेमकी याच कामाची होती. तिला ती जागा हवी होती. दुसरं काहीच नको होतं.

मेडनहेड स्टेशनजवळच्या कॅफेत आम्ही भेटायचो. मी कॉफी पुढे केली की ती उजव्या हाताने कप घ्यायची आणि डावा हात उजव्या कोपराखाली धरायची. माझं बोलणं पुरं होईपर्यंत तोंड उघडायची नाही, आणि माझं बोलणं लवकर पुरं होत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. साठातली पन्नास मिनिटं मी बोलायचो आणि घरी येऊन अहवालात लिहायचो, ‘बोलण्यात पुढाकार कमी.’ बायकोने ते एकदा वाचलं आणि म्हणाली, “अहो, त्या बिचारीला गॅप तरी मिळते का?” मी तिकडे काणाडोळा केला.

आम्ही इंग्रजीत बोलायचो. ती भाषा दोघांनाही परकी, म्हणून बरं चालायचं. ऑक्टोबर, नोव्हेंबर छान गेले. जानेवारीत कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंचा मला ईमेल आला की तुमची मुलगी लागोपाठ दोन शनिवारी वर्गाला आलेली नाही. बाई ब्रिटिश होत्या आणि स्वभावाने अतिशय भल्या. पण नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांदा गैरहजर राहिली तर नाव कमी होणार होतं.

मी कॅफेत तिला मॅनेजरच्या आवाजात विचारलं. तो आवाज मला आवडत नाही, पण पंचवीस वर्षांत तो चिकटलाय. तिने बराच वेळ कप फिरवला आणि मग सांगितलं.

तिचे आईवडील गावाबाहेर, मोकळ्या माळावर मेंढ्या, बकऱ्या आणि घोडे घेऊन राहतात. तिथे फोन लागत नाही. दर शनिवारी वडील संध्याकाळ व्हायच्या आत घोड्यावरून जवळच्या टेकडीवर जातात आणि तिला फोन करतात. इथे तेव्हा सकाळ असते, वर्ग सुरू व्हायची वेळ. वर्गात फोन बंद ठेवायचा नियम आहे. एरवी ती वर्गाआधी बोलून घ्यायची. पण यंदा बर्फ फार पडलं, ते कधी पोचतील याचा नेम राहिला नाही. म्हणून दोन्ही शनिवार ती खोलीत फोन समोर ठेवून बसली होती.

मी विचारलं, मग आला का फोन? म्हणाली, आला. काय म्हणाले?

“मी विचारलं, हिवाळा निवांत चाललाय ना. ते म्हणाले, निवांत चाललाय.”

मला हायसं वाटलं. माझा चेहरा पाहून ती थोडी हसली आणि तिने मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. त्यांच्याकडे हिवाळ्यात माणूस माणसाला भेटला की हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर हेच द्यायचं असतं. घरात काहीही झालेलं असो. वाईट गोष्ट आधी तोंडातून काढायची नाही. एक तर ते शोभत नाही, आणि दुसरं म्हणजे बोललेलं वाईट आणखी वाईटाला घेऊन येतं. ज्याला सांगायचं असेल तो चहा झाल्यावर, त्याच्या वेळेला सांगेल. न सांगणं हाही त्याचा हक्क आहे.

माझी आई अभद्र बोलू द्यायची नाही, वास्तू तथास्तु म्हणते म्हणायची. ते मला तेव्हा आठवलं, आणि मी ते तिला कौतुकाने सांगितलंही. पण मला कळलं काहीच नव्हतं.

“पण तुला खरं कसं कळणार?” मी विचारलं.

“फोनवर घोड्याचा आवाज येत नाही,” ती म्हणाली. “बाबा चालत येतात.”

मी घरी जाऊन बातम्या शोधल्या. त्या हिवाळ्यात त्यांच्या भागात गुरं उभ्या उभ्या गोठून मेली होती. गवतावर बर्फाचा कडक थर बसला की जनावराला तोंड खुपसता येत नाही, ते उपाशी मरतं. तिच्या जिल्ह्याचं नाव त्यात होतं. मी लॅपटॉप मिटला आणि मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी गप्प बसत नाही, काहीतरी करायला घेतो. माझ्या बाबतीत हे कौतुकाने सांगितलं जातं. ते तसं सांगू नये असं मला आता वाटतं.

कार्यक्रमात अडचणीचा फॉर्म म्हणून एक फॉर्म होता. घरी काही गंभीर घडलं असेल तर तो भरायचा, मग गैरहजेरी माफ होते. मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, त्यात कारण लिहावं लागतं. मी म्हटलं, लिही की. ती म्हणाली, माझे बाबा सांगतात हिवाळा निवांत चाललाय, मी दुसरं काय लिहू? मी तिला परोपरीने समजावलं. नियम सांगितले, त्या जागेची आठवण करून दिली, धूर, मुलं, सगळं. ती प्रत्येक वाक्याला “हो” म्हणत होती. शेवटी म्हणाली, जी जनावरं उरली असतील त्यांच्यावर आणखी वाईट ओढवू नये म्हणून तरी हे लिहून ठेवता येणार नाही. येत्या शनिवारीही मी घरीच थांबणार आहे.

म्हणजे तिचं नाव कमी होणार होतं, आणि ते मला बघवेना. फॉर्म मेन्टॉरलाही भरता येत होता. शुक्रवारी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत सँडविच एका हातात धरून मी तो भरला. कुटुंबाचा सगळा कळप गेला, असं स्पष्ट लिहिलं. सगळा गेला हे मला कुठून माहीत? पण फॉर्मवर अर्धवट लिहिलेलं चालत नाही, हे मला नोकरीने शिकवलं आहे. खाली एक चौकट होती. ‘आधार देता यावा म्हणून ही माहिती गटाला कळवण्यास हरकत नाही.’ आधार हा शब्द वाचून मी तिथेही टिक केली.

बाईंनी तासाभरात उत्तर दिलं. गैरहजेरी माफ. मी उरलेलं सँडविच चवीने खाल्लं.

शनिवारी वर्गात बाईंनी सांगितलं की आपल्या सहकारी मुलीच्या घरी असं असं झालं आहे, तिला सांभाळून घ्या. वर्गातली सगळी मुलं मंगोलियन होती. त्यांतली एक तिच्या शेजारच्या जिल्ह्यातली निघाली. तिने आपल्या आईला कळवलं, आईने बहिणीला. मंगळवारी ही गोष्ट राजधानीत माझ्या मुलीच्या थोरल्या भावापर्यंत गेली. माझी मुलगी असं मी लिहिलं खरं. त्या दिवसांत मी तसंच म्हणायला लागलो होतो.

भाऊ ट्रक घेऊन माळावर गेला. चाळीसेक जनावरं जिवंत होती. वडिलांनी ती तंबूच्या आडोशाला आणून जगवली होती, आणि वसंतापर्यंत ती टिकली की पुन्हा सुरुवात करायची असं त्यांच्या मनात होतं. त्यांच्या वडिलांनी एकदा तसंच केलं होतं. कुणाला कळायच्या आत करायचं होतं. पण आता परदेशातल्या लोकांनाही कळलं होतं, सगळे नातेवाईक हळहळत होते, आणि भावाला चारचौघांत तोंड दाखवायचं होतं. उरलेली जनावरं शेजाऱ्याच्या हवाली झाली. आईवडिलांना भावाने शहरात आपल्या घरी आणलं. मला हे सगळं तिनेच सांगितलं, पुढच्या भेटीत, एका सुरात, आवाज न चढवता. ज्या शनिवारी ती फोनसाठी घरी थांबली होती, त्या दिवशी तर फोन आलाच नव्हता.

मी माफी मागितली. बरीच मागितली. ती म्हणाली, तुमचा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे. तिने दोष दिला असता तर मला वाद तरी घालता आला असता.

घरी मी टेबलावर हे सांगितलं. माझी लेक इथेच जन्मली, इथेच वाढली, हायस्कुलात शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, तू तिचा कन्सेंट घेतली होती?” मी म्हटलं, ती परवानगी देत नव्हती म्हणून तर मी भरला. लेक म्हणाली, “मग ही तुझा स्टोरी नव्हता, बाबा.” एरवी मी तिचं मराठी सुधारतो. त्या दिवशी काही सुधारलं नाही.

काही दुरुस्त करता येतंय का ते मी बघितलं. बाईंना लिहिलं की फॉर्म मागे घ्या. त्यांनी कळवलं की नोंद मागे घेता येते, पण मग गैरहजेरी पुन्हा मोजली जाईल आणि नाव कमी होईल. मी तिला विचारलं. ती म्हणाली, आता ठेवा. भावाला काही सांगावं म्हटलं तर मी त्याचा कोण? वडिलांना पत्र लिहावं म्हटलं तर काय लिहायचं, तुमची जनावरं मी मेली म्हणून सांगितलं? तीन आठवडे मी ऑफिसात बसून नुसता माऊस हलवत होतो. हाताखालच्या लोकांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.

मे महिन्यात लंडनमध्ये शेवटचा समारंभ झाला. तिने कोळशाऐवजी विजेवर घरं कशी गरम ठेवता येतील ते वीस मिनिटांत मांडलं. इतकं नेटकं मांडलं की मी माझा अहवाल मनातल्या मनात फाडून टाकला. पण त्याआधी अध्यक्षांनी तिची ओळख करून दिली होती, या हिवाळ्यात जिच्या कुटुंबाने सर्वस्व गमावलं आणि तरी जी उभी राहिली ती तरुणी, अशी. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ती मान खाली घालून थांबली. नंतर निकाल आला आणि ती जागा तिलाच मिळाली. मला ज्यासाठी फॉर्म भरायचा होता ते सगळं झालं.

परतीला आम्ही एकाच ट्रेनमध्ये होतो. तिला पुढे रेडिंगला जायचं होतं, पण मेडनहेडला ती माझ्याबरोबर उतरली. म्हणाली, पुढच्या गाडीने जाईन. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. मी वडिलांबद्दल विचारलं. म्हणाली, आता शहरात सिग्नल चोवीस तास असतो, आई फोन त्यांच्या हातात देते.

“मी विचारते, हिवाळा निवांत गेला ना. ते काहीच बोलत नाहीत. फोन परत आईकडे देतात.”

मला ते सहन झालं नाही आणि मी पुन्हा बोलायला लागलो. मी हे का केलं ते तिला कळावं असं मला वाटलं. मग मी तिला जे सांगितलं ते मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी पुण्यात माझे वडील आजारी पडले. अकरा दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते आणि अकरा दिवस माझी धाकटी बहीण मला फोनवर सांगत होती की इकडे सगळं ठीक आहे. मी इथे निवांत डिशवॉशरची दुरुस्ती करत होतो. बाराव्या दिवशी तिने खरं सांगितलं, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा घरात भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यानंतर मी बहिणीशी धड बोललेलो नाही. दिवाळीला एक मेसेज, तोही बायको पाठवते. म्हणून, मी तिला म्हटलं, न सांगण्याची मला चीड आहे. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये असं मला वाटलं.

तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तुम्हाला कळवू नका असं कोणी सांगितलं होतं?”

हे मला बारा वर्षं माहीत होतं. त्या आठवड्यातच आईने सांगितलं होतं. पण मी ते कधी उच्चारलं नव्हतं.

“वडिलांनीच,” मी म्हणालो. “तो धावत येईल, मला असं पडलेलं बघेल, नको म्हणाले.”

“मग तुम्ही बहिणीवर का रागावलात?”

तिने हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी, ज्याचं बोलणं साठ मिनिटांतही पुरं होत नाही, तोंड उघडून बसलो आणि मला एक शब्द सुचेना. ती माझ्या उत्तराची वाट बघत राहिली. वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं पुरं व्हायच्या आत उठत नाहीत त्यांच्याकडे. रेडिंगची गाडी आली, दारं उघडली, दारं बंद झाली, आणि ती बाकावरून उठली नाही.