पुढच्या सीटवर

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. पण त्या वर्षी रोज सकाळी भावाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून मी निंबर्ग्यापासून आळंदपर्यंत नुसती त्याच्या तोंडाकडं बघत असायचे.

मी आळंदला शाळेत शिकवायचे. थोरला भाऊ त्याच रस्त्यावर भाड्याची जीप चालवायचा. एका दुपारी चालवता चालवता त्याची मान खाली पडली आणि जीप रिकाम्या रानात घुसली. कुणाला लागलं नाही. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "स्टेरिंग एकीकडं ओढायलंय."

मग मेस्त्रीनं स्टेरिंग खोललं. आईनं जीपवरून नारळ ओवाळला, लिंबू-मिरच्या बांधल्या. सगळा इलाज जीपला झाला.

"अण्णा, गुलबर्ग्याला दवाखान्यात दाखव. तवर चालवू नको," मी म्हणाले.

"जरा घेरी आलती. मास्तरीणबाई, बी.ए.त डॉक्टरकी बी शिकवतेत का?"

मागं बसलेले हसले. मला हसू येईना. त्याच्या कपाळावर घाम दिसला की माझा हात हॅण्डब्रेककडं जायचा. शाळेत फळ्यावर लिहिताना बाहेर कुठं आरडाओरडा झाला तरी खडू थांबायचा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आई निघाली. लेकाच्या जीपमध्ये पुढं बसून बाजाराला जायचं, हा तिचा थाट. त्या दिवशी भाऊ म्हणाला, "माय, तू बसनं ये."

"कामून? गावची मान्सं बसायलेत, मीच जड झाले व्हय?"

"बसनं ये म्हणलो न्हाई का!"

आईवर तो कधी ओरडत नसे. मी हळूच विचारलं, "परत घेरी आलती?"

तो समोरच बघत होता. "काल. गाडी उभी होती म्हणून वाचलो."

"मग मायीला न्हाई बसवलास, ह्यांना कामून बसवलास? मला कामून?"

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरून बॉनेट उघडलं. "उतरा सगळे. गाडी खराब झालीय."

"कालच तर नीट होती की!" मागून एक म्हातारा करवादला.

"स्टेरिंग ओढायलंय, काका."

आईनं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. बाजाराची पिशवी घडी करून काखेत मारली आणि आमच्याबरोबर गुलबर्ग्याच्या बसची वाट बघत उभी राहिली.

बसमध्ये आम्हाला मागं जागा मिळाली. भाऊ खिडकीला डोकं टेकून बसला. तिथून ड्रायव्हरचं तोंड दिसत नव्हतं. मी मात्र सारखी मान उंच करून बघत होते.